आवाज बंद करून पाहिलेली मालिका

ज्यांच्या घरात सध्या कुणीतरी तोंडावर टॉवेल दाबून खोकत असेल, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. मीही तसाच खोकत होतो. आता बरा आहे. गोळ्या संपल्या, गालफडं भरून आली, संध्याकाळी अंगात कसर येत नाही. पण एवढंच सांगून थांबलो तर अर्धंच सांगितल्यासारखं होईल. माझ्या आजाराबरोबर एक भिंत, एक टीव्ही आणि भिंतीपलीकडची एक बाई आहे. तिला वगळून हे सांगता येणार नाही. तिला वगळलं, हीच तर माझी चूक होती.

हळदीचा खोकला

मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी आहे. सौद्यांच्या दिवसांत पोती फुटतात, हळकुंडांचे ढीग पडतात आणि पिवळा धुरळा नाकाडोळ्यांत, बनियनमध्ये, कानामागे जाऊन बसतो. हंगामात न खोकणारा माणूस यार्डात सापडायचा नाही. थुंकलं तर पिवळंच पडतं. त्यामुळे मला खोकला लागला तेव्हा मी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

हंगाम संपला. गोदामं झाडून झाली. हमालांचे खोकले थांबले, माझा थांबला नाही. तरी मी म्हणत राहिलो की हळद छातीत बसली आहे, सुटायला वेळ लागेल. माझी बायको सुनंदा मला दुधात हळद घालून द्यायची आणि मी ती निमूट प्यायचो. हळदीचा खोकला हळदीनंच जातो, असं यार्डात सगळेच सांगत होते. सदऱ्याची कॉलर ढिली झाली तेव्हा मी शिंप्याला दोष दिला.

काही न घडणारी मालिका

आम्ही माधवनगरला बैठ्या घरांच्या ओळीत राहतो. दोन घरांत मिळून एक भिंत. आमच्या भिंतीपलीकडे अक्का राहायची. ती मूळची विट्याकडची. तिच्या मुलाचं कानपूरला सोनं गाळायचं दुकान आहे. त्याच्याकडे ती काही वर्षं राहून आली, तिकडं बोलायला माणूस नाही म्हणून परत आली, पण येताना हिंदी शिकून आली. आमच्या ओळीत तेव्हा केबल नव्हती, कौलावर अँटेना होता. आठवड्यातून एकदा जेवणाआधी एक हिंदी मालिका लागायची. ती बघायला अक्का न चुकता यायची आणि सुनंदाला अडलेले शब्द सांगायची. तिला टेकायला भिंत लागायची, म्हणून ती माझ्या कॉटवर माझ्या शेजारी बसायची. मला ढास लागली की पाठीवरून हात फिरवायची.

मालिका उत्तरेकडच्या एका रेल्वे कॉलनीतली. निवृत्त स्टेशनमास्तर, त्याची बायको, दोन मुलगे, थोरली सून. त्यात काही घडायचंच नाही. एकदा सासू-सुनेत अबोला होता. भागभर सून मटार सोलत बसली. शेवटी सासूनं जवळ बसून अर्धा ढीग आपल्याकडे ओढला आणि भाग संपला.

"एवढ्यासाठी बसलो होय मी?" मी म्हणालो. "एक शब्द तरी बोलायचा."

अक्का पदरानं डोळे पुसत होती. "बोलली की रं ती," ती म्हणाली. "तुझं ध्यान कुठं हुतं?"

मी हसलो. मला मारामारी असलेलं, पटापट पुढं जाणारं काहीतरी हवं असायचं.

आणखी कोण?

एका सकाळी अडतीवरच्या मोरीत थुंकलो तर पिवळ्यात लाल दोरा होता. आधी वाटलं, कुणाच्या तरी पानाचा डाग असेल. मग परत थुंकलो.

मिरजेच्या डॉक्टरांनी छातीचा एक्स-रे फोटो खिडकीच्या उजेडासमोर धरला. त्यात काय दिसतं ते मला कळलं नाही. मग त्यांनी सांगितलं की टीबी आहे, औषधानं पूर्ण बरा होतो, पण औषध एकदाही चुकवायचं नाही. पहिले काही आठवडे लोकांपासून लांब राहायचं. घरातल्या सगळ्यांना तपासून घ्यायचं. सुनंदाचा आणि आमची मुलगी वैशाली हिचा फोटो काढायचा ठरला. नंतर ते दोन्ही फोटो स्वच्छ आले.

"घरातल्यांखेरीज नेहमी जवळ बसणारं आणखी कोण?" डॉक्टरांनी विचारलं.

अक्काचा पाठीवरून फिरणारा हात मला त्या क्षणी अंगावर जाणवला. पण दुसरंही आठवलं. वैशालीला साताऱ्याच्या लोकांनी पसंत केलं होतं. शेवटचा होकार तेवढा यायचा होता. अक्काला तपासायला आणायचं तर कारण सांगावं लागणार, ते ओळीत पसरणार आणि तिथून साताऱ्याला पोचणार. टीबीच्या घरातली मुलगी कोण करून घेणार?

"कुणी नाही," मी म्हणालो.

सुनंदा जमिनीकडे बघत होती. परतताना एसटीत ती फक्त एवढंच म्हणाली, की विचारलं तर न्यूमोनिया सांगू. मी मान हलवली.

सकाळची रांग

रक्त पडतच राहिलं म्हणून दोनच दिवसांत मला दवाखान्यात ठेवून घेतलं. तिथली सकाळ इंजेक्शनच्या रांगेनं सुरू व्हायची. हातात आपापली थुंकीची डबी, तोंडाला फडकं, कुणी कुणाकडे बघायचं नाही. गोळ्या सुरू झाल्या आणि लघवी शेंदरी व्हायला लागली. मला वाटलं, आता किडनीतूनही रक्त जायला लागलं. दिवसभर मी ते कुणाला सांगितलं नाही. संध्याकाळी शेजारच्या कॉटवरच्या जतकडच्या मेंढपाळाला दबकत विचारलं. तो म्हणाला, "आवं, हितं समद्यांचीच तशी. औषिध भिनलं म्हणायचं." त्या वाक्यावर मला झोप लागली. हे मुद्दाम लिहितो आहे. कुणाला असं झालं तर घाबरू नका, विचारा. मी विचारत नव्हतो, तेवढा वेळ फुकट मेलो.

आवाज बंद

घरी आल्यावर माझी भांडी वेगळी झाली. त्याचं मला काही वाटलं नाही. प्रश्न अक्काचा होता. तिला लांब ठेवायचं, पण का ते सांगायचं नाही. सुनंदानं दारातच सांगून टाकलं की टीव्ही बिघडलाय, पिक्चर ट्यूब गेली.

"दुरुस्त झाला की हाक मार," अक्का म्हणाली आणि गेली.

मालिकेच्या संध्याकाळी वैशालीनं खिडकीला चादर लावली आणि टीव्ही लावताना आवाजाचं बटण पार खाली नेलं. भिंत एक वीट जाडीची. आवाज आला असता तर अक्काला कळलं असतं. अशी आम्ही तिघं, मी लांब आतल्या दाराशी आणि त्या दोघी पुढं, मुकी मालिका बघायला लागलो.

पहिल्यांदा गंमत वाटली. स्टेशनमास्तर डोकं खाजवायला लागला की वैशाली कुजबुजायची, "माझा चष्मा कुणी घेतला? सरकारी चष्मा आहे तो." सुनंदा तोंडात पदर कोंबून हसायची. मग गंमत आपोआप थांबली. कारण आम्ही बघायला लागलो होतो.

मालिकेत त्या सुमारास स्टेशनमास्तर आजारी पडला. मला धस्स झालं. सिनेमात माणूस खोकला की रुमालावर रक्त येतं, सारंगी वाजते आणि पुढच्या रिळात तो मरतो. असं आजारपण बघत मी मोठा झालो होतो. आरशात स्वतःकडे बघताना मला तीच सारंगी ऐकू यायची. इथं तसं काही झालं नाही. सून गोळी शोधत होती. पाणी जास्त गरम होतं, म्हणून ती दोन भांड्यांत वरखाली करत उभी राहिली, पूर्ण गार होईपर्यंत. धाकटा मुलगा ऑफिसातून आला आणि ओट्यावर बसून बुटांच्या नाड्या सोडायला लागला. खूप वेळ सोडत बसला. त्याला आत जायचं नव्हतं.

ते बूट मी ओळखले. वैशाली कॉलेजातून आली की बाहेर चपला सरळ रेषेत लावत बसायची. मला वाटायचं, मुलगी व्यवस्थित आहे. ती माझ्या खोलीत यायला घाबरत होती. आणि आपण घाबरतो म्हणून तिला लाज वाटत होती. हे मला टीव्हीवरच्या एका परक्या मुलानं दाखवलं.

आपल्याकडे आजाराची गोष्ट सांगताना रोग कळला तो दिवस सांगतात आणि बरं झालो तो दिवस सांगतात. मधले महिने कुणी सांगत नाही, कारण त्यांत काही घडत नाही. गोळी घ्यायची, वाट बघायची, वजन करायचं. त्या मालिकेत नेमके ते मधले महिनेच होते. काही न घडण्याला तिनं जागा दिली होती. मी आयुष्यभर जे कंटाळवाणं म्हणत आलो, त्यात आता मी राहत होतो आणि तिथं मला सोबत मिळाली.

भिंतीपलीकडून

टीव्हीचा आवाज असता तर मला ते कधीच ऐकू आलं नसतं.

मुक्या पडद्यावर सून अंगणात कपडे वाळत घालत होती आणि भिंतीपलीकडून अक्का खोकली. एकदा, मग थोडं थांबून पुन्हा. कोरडा, खोल खोकला. सुनंदानं माझ्याकडे पाहिलं नाही. मीही तिच्याकडे पाहिलं नाही. मनात म्हणालो, मिरच्या भाजल्या असतील. तिखट करायचे दिवस होते.

पुढच्या आठवड्यात पुन्हा ऐकू आलं. त्याच्या पुढच्या आठवड्यातही. मिरच्यांचे दिवस संपले. मी स्वतःसाठी जे केलं होतं तेच आता अक्कासाठी करत होतो. माझ्या वेळी हळद होती, तिच्या वेळी मिरची.

सुनंदाला म्हणालो, अक्काला सांगायला पाहिजे. तिनं थोडं थांबा म्हटलं. साताऱ्याचं उत्तर आलं की सांगू, एकदा ठरलं की मग काही हरकत नाही. ती वाईट बाई नाही. माझी उष्टी भांडी ती उकळून घेत होती, रोज. वैशाली तिच्याही पोटची होती. पण आमच्यात त्या दिवसांत बोलणं असं राहिलं नाही. मी खोकलो की ती दचकायची आणि अक्का खोकली की मी.

वैशाली सगळं ऐकत होती. एकदा ताट ठेवताना ती म्हणाली, "अण्णा, हे लपवून मला साताऱ्याला द्यायची असेल, तर देऊ नका."

तरीही मी आणखी एक आठवडा काढला. हे कुणी मला विचारलेलं नाही, पण लिहायला हवं.

त्या आठवड्याच्या भागात धाकट्या मुलानं बापापासून काहीतरी लपवलं होतं. आवाज बंद असल्यामुळे काय ते आम्हाला कळलं नाही. तो बापाच्या खाटेजवळ आला. उशी नीट केली. खिडकी लावली, पुन्हा उघडली. बाप त्याच्याकडे बघत होता, वाट बघत होता. मुलगा दारापर्यंत गेला आणि पाठमोरा थांबला.

"सांग की रं," मी म्हणालो. मोठ्यानं म्हणालो.

दोघींनी वळून पाहिलं. पडद्यावर मुलगा बाहेर निघून गेला. आणि भिंतीपलीकडे अक्काला ढास लागली, थांबेचना.

सुनंदा उठली. पुढच्या दाराची कडी तिनं काढली आणि बाजूला झाली.

अक्काच्या दारात

अक्का उंबऱ्याशी तांदूळ निवडत बसली होती. पाठ आमच्या भिंतीला. मी तोंडावर टॉवेल धरून लांबच उभा राहिलो.

"टीव्ही बिघडल्यापास्नं लय हसताय गड्या तुमी," ती म्हणाली. "भिंतीतनं येतंय ऐकू."

"अक्का, टीव्ही चांगला आहे."

"त्ये कळलं मला. पर कारण कळंना." ती सुपाकडे बघतच बोलत होती. इतके आठवडे ती स्वतःशी घोळवत बसली होती की आपलंच काहीतरी चुकलं. शेवटची आमच्याकडे आली होती तेव्हा ती म्हणाली होती, की साताऱ्याच्या मुलाची आई पोरीपेक्षा घरातली भांडी जास्त बघत होती. तेच सुनंदाला लागलं असणार, असं तिनं ठरवून टाकलं होतं. "माझ्या जिबंला हाडच न्हाई," ती म्हणाली.

मला टीबी झाला हे सांगणं त्यापुढे सोपं होतं. मी सांगितलं. डॉक्टरांनी काय विचारलं आणि मी काय उत्तर दिलं, तेही सांगितलं. बोलताना टॉवेल ओला झाला.

सुपातला तिचा हात थांबला. मी तिच्या चेहऱ्याकडे पाहत होतो. मुके चेहरे बघायची मला सवय झाली होती. आधी मान थोडी मागे गेली, पाठ भिंतीपासून सुटली. मग ती पुन्हा टेकली आणि हात चालायला लागला. एक खडा निघाला, तो तिनं लांब फेकला.

"पोरीला न्हाई न्हवं?"

"नाही. दोघींचे फोटो स्वच्छ आहेत."

"मंग बरं." तिनं सूप एकदा पाखडलं. "मला झालं आसंल म्हंतोस?"

"तपासायला पाहिजे. उद्या सकाळी मिरजेला जाऊ."

"जाऊ की. पर वसंता, माझ्या पोराला कळवू नगंस. न्हेऊन बसवील तकडं."

हो म्हणणं तोंडाशी आलं होतं. पण कुणाला कळू न देता जगायचं कसं असतं, ते मी चादर लावलेल्या खिडकीत बसून बघितलं होतं.

"आधी तपासू," मी म्हणालो.

सांगता येत नाही

अक्काच्या बेडक्यात जंतू निघाले. माझ्यापासून झाला की आणखी कुठून, असं मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, सांगता येत नाही, या वयात जुना दबलेला आजारही वर येतो. हे त्यांनी माझ्याकडे न बघता सांगितलं. ते दयाळू आहेत. थोडं लवकर आल्या असत्या तर, असं म्हणून त्यांनी वाक्य अर्धं सोडलं आणि गोळ्या लिहायला घेतल्या. ते अर्धं वाक्य माझ्याकडेच आहे. ते कुणाला परत करता येत नाही.

अक्काच्या मुलाला मीच एसटीडी बूथवरून फोन केला. सगळं सांगितलं. मग तो म्हणाला, येतो. आला, आईजवळ बसून राहिला. नेण्याचं बोलला, पण ती हलली नाही. जाताना तो माझ्याकडे आला. मी शिव्या ऐकायच्या तयारीनं उभा होतो. "काका, आईच्या गोळ्या चुकू देऊ नका," एवढंच तो म्हणाला आणि माझ्या पाया पडून गेला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर मी साताऱ्याला गेलो आणि तिथंही सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं. चहा दिला. चहा संपल्यावर मुलाच्या आईनं माझा कप बाकीच्यांबरोबर ट्रेमध्ये ठेवला नाही, दोन बोटांनी उचलून नेला. कळवतो, असं मुलाचे वडील म्हणाले, पण मला कळून चुकलं होतं. बसस्टँडवर मला रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. घरी येऊन वैशालीला सांगितलं. तिनं फक्त विचारलं, अक्काच्या दुपारच्या गोळ्या कुणी दिल्या.

पुन्हा कॉटवर

काही काळानं आमचे दोघांचेही बेडके तपासून स्वच्छ आले. मालिका तेव्हा अजून चालूच होती. स्टेशनमास्तर काठी घेऊन अंगणात फिरायला लागला होता. अक्का तिच्या गोळ्यांची डबी घेऊन आली. आधी दाराजवळच्या खुर्चीत बसली. मग उठली आणि भिंत लागते म्हणून माझ्या कॉटवर माझ्या शेजारी येऊन टेकली. मी थोडा सरकलो. "बस की, आता काय नवीन लागणार हाय मला?" ती म्हणाली.

वैशालीनं टीव्ही लावला आणि सवयीनं आवाजाचं बटण खाली नेलं.

"आता कुणापास्नं लपवायचं ऱ्हायलंय?" अक्का म्हणाली. "वाढीव की आवाज."

वैशालीनं बटण फिरवलं. इतक्या महिन्यांनी स्टेशनमास्तर बोलला. त्याचा आवाज मी मनात धरला होता त्याच्यापेक्षा बराच बारीक निघाला. दार उघडं होतं, खिडकीला चादर नव्हती, ओळीत सगळीकडे ऐकू जात असणार. सून विहिरीवरून पाणी आणत होती आणि तिची घागर भरायला बराच वेळ लागत होता. मला घाई नव्हती.

मध्येच अक्का खोकली. आम्ही तिघांनीही एकदम तिच्याकडे पाहिलं.

"माझ्याकडं काय बघताय," ती म्हणाली. "तकडं बघा."